सत्तर म्हणजे किती?



गेल्या दिवाळीत याच पानावर मी पेन्शनच्या हिशेबाबद्दल लिहिलं होतं. पुढे संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ घेता घेता एका तरुण मुलीनं मला गाठलं. म्हणाली, "काका, आई म्हणते लेख छान होता. पण आमच्यासाठीही काहीतरी लिहा ना." म्हणून यंदाचा विषय आमच्या नातवाकडून उसना घेतला आहे : व्हिडिओ गेम. माझ्या वयाच्या मंडळींनी लगेच पान उलटू नये. विषय गेमचा असला तरी गोष्ट मार्कांची आहे, आणि मार्क या विषयात आपल्या पिढीचा हात कोण धरणार?

झालं असं, की राखीपौर्णिमेला मुलगा, सून, नात आणि नातू आमच्याकडे जेवायला आले होते. लेस्टरमध्येच पंधरा मिनिटांवर राहतात. नात आता नोकरी करते, नातू सतरा वर्षांचा आहे आणि त्याचा खिसा कायम रिकामा असतो. त्यामुळे ओवाळणीचा व्यवहार उलटा झाला. बहिणीनंच राखीबरोबर भावाला एक गेम भेट दिला. त्याचं नाव 'राजी : ॲन एन्शंट एपिक'. गोष्ट सुरू होते तीच रक्षाबंधनाच्या दिवशी. राजी नावाची डोंबारी खेळ करणारी मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ गोलू. राक्षस भावाला पळवून नेतात, दुर्गा तिला त्रिशूळ देते आणि ती भावाच्या शोधात निघते. वर दुर्गा आणि विष्णू तिच्याकडे बघत आपसांत बोलत असतात, तीच कथेची निवेदनं. मध्ये मध्ये भिंतींवर चित्रं लागतात, सावल्यांच्या बाहुल्यांचे खेळ होतात आणि त्यांतून पुराणातल्या कथा उलगडतात. मी चहाचा कप घेऊन सहज बघायला बसलो आणि चहा गार झाला.

"कुणी केला रे हा?" मी विचारलं.

"पुण्याचे लोक आहेत, आबा. नॉडिंग हेड्स गेम्स."

पुणं म्हटल्यावर माझी छाती उगाचच दोन इंच फुगली. मी पुण्यात शिकलो, एवढाच काय तो माझा या गेमशी संबंध. पण नातवाचा चेहरा उतरलेला होता. त्यानं फोन पुढे केला. "हे बघा. क्रिटिक्सनी याला किती दिलेत. सत्तरच्या आसपास. इट्स सो अनफेअर!"

"सत्तर?" मी म्हणालो. "अरे, मग पेढे वाट! सत्तर म्हणजे फर्स्ट!"

सगळे हसले. मला कळेना काय विनोद झाला. त्या दुपारपासून मी या प्रकरणाच्या मागे लागलो आहे, आणि आज तुमच्यापुढे माझा अहवाल ठेवतो आहे.

आपण मोठे झालो तेव्हा मॅट्रिकला पस्तीसला पास, साठला फर्स्ट क्लास आणि पंचाहत्तरला डिस्टिंक्शन. सत्तर मिळवलेल्या मुलाच्या घरी शेजारपाजारचे येऊन जात. नंतर या देशात आलो. इथल्या विद्यापीठात सत्तर म्हणजे पहिला वर्ग, साठ ते एकोणसत्तर टू-वन, पन्नासच्या पुढे टू-टू, चाळीसच्या पुढे थर्ड. पंच्याऐंशी मिळालेला पेपर आम्ही सहकाऱ्यांना बोलावून दाखवायचो. अमेरिकेतल्या शाळांत मात्र साधारण नव्वदला ए, ऐंशीला बी, सत्तरला सी आणि साठच्या खाली नापास. म्हणजे एकच 'सत्तर' एका गावात हुशार, दुसऱ्या गावात बेताचा.

गेमच्या दुनियेत कोणतं गाव चालतं? निकाल सांगणारी तिथली मोठी कचेरी म्हणजे मेटाक्रिटिक. अमेरिकेतली ही साइट २००१ साली सुरू झाली. जगभरच्या समीक्षकांचे आकडे गोळा करून ती शंभरपैकी एक सरासरी काढते आणि तिला रंग देते : हिरवा, पिवळा, लाल. आता गंमत ऐका. चित्रपटाला तिथे ६१ पासून हिरवा रंग मिळतो. गेमला हिरवा होण्यासाठी ७५ लागतात. म्हणजे सत्तर मिळालेला सिनेमा हिरवा आणि सत्तर मिळालेला गेम पिवळा! एकाच साइटवर, एकाच पानाच्या अंतरावर. गेमच्या बाजारात मार्कांचा भाव घसरला आहे, हे त्यांनी स्वतःच रंगवून ठेवलं आहे.

मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं. त्यामुळे मला आणखी दोन गोष्टी खटकल्या. एक, या सरासरीत सगळ्यांचं मत सारखं मोजत नाहीत. काही प्रकाशनांना जास्त वजन देतात, पण कुणाला किती ते सांगत नाहीत. आमच्या विद्यापीठात एखाद्या परीक्षा विभागानं असं केलं असतं तर विद्यार्थ्यांनी दारात धरणं धरलं असतं. दोन, निरनिराळी मापं एकाच तागडीत घालतात. कुणी पाचपैकी तीन तारे दिले की त्याचे साठ होतात. देणाऱ्याच्या मनात तीन तारे म्हणजे 'बरा आहे, खेळून बघा' असेल. पण साठ म्हटलं की गेमर मंडळी नाक मुरडतात.

ही सवय लागली कशी? ते बघायला मला लांब जावं लागलं नाही. आमच्या माळ्यावरच पुरावा होता. आमचा मुलगा लहान असताना, १९८५ च्या सुमारास, घरात सिंक्लेअर स्पेक्ट्रम आला. तो कॅसेटवरून गेम लोड करायचा आणि दर महिन्याला पॉकेटमनीतून 'क्रॅश' नावाचं मासिक आणायचा. १९८४ साली श्रॉपशरमधल्या लडलो या छोट्या गावातून ते निघू लागलं. माळ्यावरच्या खोक्यात त्याचे काही अंक अजून आहेत. ते काढून मी पुन्हा वाचले, आणि परीक्षक म्हणून मला ते आवडले. एका गेमवर तिघांचं मत, तेही वेगवेगळं छापलेलं. लिहिणाऱ्यांत गावातली शाळकरी मुलंही असत. चित्रं किती, आवाज किती, खेळायला मजा किती, असे वेगवेगळे टक्के आणि मग एकूण. नव्वदच्या पुढे गेला की 'क्रॅश स्मॅश'. मार्क होते, पण मार्कांच्या शेजारी माणसं उभी होती.

पुढे १९९१ साली बाथहून 'अमिगा पॉवर' निघू लागलं. त्या मंडळींनी एक साधा आग्रह धरला : शंभराची फूटपट्टी आहे ना, मग ती सगळी वापरा. मध्यम गेमला पन्नास द्या आणि वाईटाला पंधरा. हे ऐकायला सोपं आहे. पण इतर सगळे सत्तर ते पंच्याण्णव या गल्लीतच फिरत असताना एकट्यानं पन्नास दिले, की गेम कंपन्यांना तो अपमान वाटतो. १९९६ मध्ये ते मासिक बंद पडलं आणि गल्ली होती तिथेच राहिली.

यात गेमवाल्यांना नावं ठेवायला आपण मोकळे नाही बरं का. महाराष्ट्रात दहावीला आता दरवर्षी शंभराहून जास्त मुलांना शंभर टक्के मिळतात. इंग्लंडच्या विद्यापीठांत २०१०-११ साली सोळा टक्क्यांच्या आसपास विद्यार्थ्यांना फर्स्ट मिळत होता. दहा वर्षांत तो आकडा सदतीस टक्क्यांवर गेला. त्यातली काही मुलं खरंच जास्त अभ्यास करत असतील. पण परीक्षकाच्या खुर्चीत बसलेला माणूस म्हणून सांगतो, खालचे मार्क द्यायला धैर्य लागतं आणि वरचे द्यायला नुसतं पेन पुरतं.

आता थोडं माझ्याबद्दल. हे मी आजवर घराबाहेर सांगितलेलं नाही.

नव्वदच्या दशकात आमच्या विभागात एका विद्यार्थ्याचा शेवटच्या वर्षाचा प्रबंध माझ्याकडे दुसरा परीक्षक म्हणून आला. इथली पद्धत तुम्हाला ठाऊक असेल. दोघांनी स्वतंत्रपणे तपासायचं, मग बसून एकमत करायचं, आणि वर बाहेरचा परीक्षक असतो. पहिल्या परीक्षकानं ७२ दिले होते, मी ६४. चर्चा होऊन ६७ ठरले. सगळे नियम पाळले गेले. पण त्या मुलाची एकूण बेरीज सत्तरच्या किंचित खाली राहिली, फर्स्ट हुकला आणि त्याबरोबर संशोधनाची शिष्यवृत्तीही.

तीन-चार वर्षांनी त्याचं पत्र आलं. अतिशय सभ्य. त्यानं लिहिलं होतं, 'मार्क बदलावेत असं माझं म्हणणं नाही. आता त्याचा उपयोगही नाही. मला फक्त एवढंच जाणून घ्यायचं आहे, की ६४ का? म्हणजे काय कमी होतं ते मला कळेल.'

मी जुनी फाइल काढली. शेरा लिहायच्या चौकटीत माझ्या अक्षरात दोनच शब्द होते : 'ठीक काम.' का ६४, ते मला आठवेना. त्या आठवड्यात माझ्याकडे चाळीस प्रबंध होते, घरी आईचं आजारपण चाललं होतं. पण ही कारणं त्या मुलाला कशी सांगणार? मी त्याला उत्तर पाठवलं, की मूल्यमापन नियमानुसार झालेलं आहे. तीन ओळींचं पत्र. ते खोटं नव्हतं. पण त्यानं विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तरही नव्हतं. त्या पत्राची मला आजही लाज वाटते. ६४ चुकीचे होते का, हे मला अजून माहीत नाही. कदाचित बरोबरही असतील. पण ज्या मार्कांचं कारण देणाऱ्यालाच सांगता येत नाही, ते बरोबर असले तरी न्याय्य नसतात, एवढं त्या पत्रानं मला शिकवलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी अर्ध्या पानाच्या शेऱ्याशिवाय एकही आकडा लिहिला नाही. माझी उशिरा आलेली डॉक्टरेट म्हणा हवं तर.

२०२० चा ऑगस्ट आठवतो ना? कोविडमुळे परीक्षा झाल्या नाहीत, म्हणून इंग्लंडमध्ये ए-लेव्हलचे निकाल गणिती सूत्रानं लावले. शिक्षकांनी दिलेल्या ग्रेडपैकी जवळजवळ चाळीस टक्के ग्रेड खाली आल्या. १३ ऑगस्टला निकाल लागला, मुलं रस्त्यावर उतरली आणि १७ तारखेला सरकारनं माघार घेतली. सूत्र करणारे मूर्ख नव्हते. सगळ्या देशाच्या सरासरीच्या दृष्टीनं त्यांचं गणित फारसं चुकलेलंही नव्हतं. पण 'माझाच बी का?' असं विचारणाऱ्या मुलीला उत्तर द्यायला कुणी माणूसच नव्हता. योगायोग असा, की दुसऱ्याच दिवशी, १८ ऑगस्टला, पुण्याची ही राजी निन्टेन्डो स्विचवर पहिल्यांदा प्रकाशित झाली आणि तिचेही मार्क लागायला सुरुवात झाली.

मार्क कागदावर राहिले तर एक वेळ ठीक. पण त्यांच्यावर पोट अवलंबून असलं म्हणजे? कॅलिफोर्नियातल्या ऑब्सिडियन कंपनीनं २०१० साली 'फॉलआउट : न्यू व्हेगास' हा गेम केला. करार असा होता, की मेटाक्रिटिकवर ८५ मिळाले तर बोनस. मिळाले ८४. त्यांच्यातल्याच एका प्रमुखानं, ख्रिस ॲव्हेलोन यानं, २०१२ मध्ये हे जाहीरपणे सांगितलं. एक मार्क! आम्ही परीक्षक मंडळात ६९ वर अडकलेल्या विद्यार्थ्यासाठी तास-तास वाद घालायचो. तो वाद तरी कुणीतरी घालत होतं. इथे डझनावारी समीक्षकांच्या सरासरीत तो एक मार्क कुणी कापला हे शोधूनही सापडणार नाही. त्यातल्या एकानंही मनात धरलं नव्हतं, की आपल्या आकड्यावर कुणाचा पगार ठरणार आहे.

उलट बाजूही आहे. गेमस्पॉट या अमेरिकन साइटवर जेफ गर्स्टमन नावाचा जाणता समीक्षक होता. २००७ मध्ये त्यानं 'केन अँड लिंच' या गेमला दहापैकी सहा दिले. त्याच गेमच्या जाहिराती त्याच साइटवर झळकत होत्या. त्याची नोकरी गेली. जाहिरातदारांच्या दबावापुढे व्यवस्थापन नमलं, असं त्यानं पुढे २०१२ मध्ये स्वतः सांगितलं. तेव्हा नातू आणि त्याचे मित्र जेव्हा 'क्रिटिक्स विकले गेलेत' असं म्हणतात, तेव्हा मी त्यांना लगेच खोडून काढत नाही. संशयाला जागा आहे. पण हेही सांगतो, की ज्यानं कमी मार्क दिले त्याची नोकरी गेली होती. जास्त दिल्याबद्दल कुणाची गेल्याचं मी ऐकलेलं नाही.

"म्हणूनच, आबा," नातू म्हणाला, "क्रिटिक्सचं बघायचंच नाही. यूझर स्कोअर बघायचा. पब्लिकचा."

बरं, पब्लिकचा बघू. जून २०२० मध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' आला. समीक्षकांची सरासरी ९३. पब्लिकची? पहिल्याच दिवसांत दहापैकी चारच्याही खाली. हजारो लोकांनी शून्य देऊन टाकलं. गेम संपवायला पंचवीसएक तास लागतात आणि ही शून्यं काही तासांत पडलेली. कुणाला कथेतलं पात्र मेलं म्हणून राग, कुणाला नायिका आवडली नाही म्हणून, कुणाला दुसरे रागावलेत म्हणून. शेवटी त्याच वर्षी जुलैमध्ये मेटाक्रिटिकनं नियम केला, की गेम आल्यावर छत्तीस तासांनीच प्रेक्षकांना मार्क देता येतील. पेपर वाचायच्या आधीच शून्य देणारा परीक्षक मी माझ्या चाळीस वर्षांत पाहिला नाही.

मी नातवाला विचारलं, "तू कधी दिलंस का रे असं शून्य?"

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "एकदा. सगळे देत होते."

"किती खेळला होतास?"

"ट्रेलर पाहिला होता."

त्या गेमचं नाव इथे लिहीत नाही, कारण ते मला सांगताना त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मी त्याला रागावलो नाही. रागावायचा मला अधिकारच नव्हता. त्याच्या शून्यापाशी कारण नव्हतं, आणि माझ्या चौसष्टापाशी तरी कुठे होतं? ते पत्र मी त्या दिवशी त्याला दाखवलं. त्यानं दोनदा वाचलं आणि विचारलं, "तुम्ही त्याला परत लिहिलंत का?" मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, "लिहायला हवं होतं." आपल्याच नातवाकडून शेरा मिळणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

मग आम्ही दोघांनी एक प्रयोग केला. नातवाचे तीन मित्र शनिवार-रविवार आमच्याकडे राहायला आले. एक गुजराती, एक पोलिश, एक इथलाच गोरा. चौघांनी राजी पूर्ण खेळायचा. छोटाच आहे, शनिवार-रविवारात संपतो. तोवर एकमेकांशी चर्चा करायची नाही, फोनवर कुणाचे मार्क बघायचे नाहीत. रविवारी संध्याकाळी प्रत्येकानं दहापैकी एक आकडा आणि निदान पाच वाक्यं कागदावर लिहून पाकिटात घालायची. आमच्या हिनं चौघांना साबुदाण्याची खिचडी आणि चकल्या पुरवल्या. त्यामुळे परीक्षकांवर दबाव आला असा आक्षेप कुणी घेऊ शकेल, पण चकल्या गेम कंपनीच्या नव्हत्या.

पाकिटं फोडली. सहा, सहा, सात आणि आठ. सरासरी पावणेसात. म्हणजे ज्या समीक्षकांना सकाळ-संध्याकाळ शिव्या चालल्या होत्या, त्यांच्यापेक्षाही थोडी कमीच!

आठ कुणी दिले होते? पोलिश मुलानं. त्यानं लिहिलं होतं, की अशी चित्रं, असे राजवाडे आणि अशी गोष्ट त्यानं कधी पाहिलीच नव्हती. सातही गोऱ्या मुलाचे. सहा-सहा दिले होते आपल्याच दोघांनी. नातवानं लिहिलं होतं, की देवळं आणि भिंतीवरची चित्रं बघत राहावं अशी आहेत, पण लढाया पुन्हा पुन्हा तशाच येतात आणि शेवट एकदम तुटल्यासारखा होतो. राजीचं पुढे काय झालं ते कळायला हवं होतं. मग आम्ही समीक्षकांचे लेख काढून वाचले. आकडे नव्हे, लेख. त्यांतल्या बहुतेकांनी नेमकं हेच लिहिलं होतं! चित्रकला, संगीत, वास्तू यांचं भरभरून कौतुक आणि लढाया व शेवटाबद्दल तक्रार. आठ दिवस ज्या लेखांवर वाद चालला होता, ते चौघांपैकी एकानंही वाचलेले नव्हते. सगळा वाद आकड्यावर होता.

"पण मग तू अनफेअर का म्हणत होतास?" मी विचारलं.

"कारण तो आपला गेम आहे," नातू म्हणाला.

वाचकहो, इथे माझं उत्तर अडलं. कारण मलाही पहिल्यांदा तेच वाटलं होतं. नॉडिंग हेड्सची टीम लहान. २०१७ साली त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली, ती पुरी पडली नाही. तरी ते थांबले नाहीत आणि तीन वर्षांनी गेम जगापुढे आणला. मोठ्या कंपन्यांच्या एकेका गेमवर शेकडो माणसं काम करतात. दोघांना एकाच फूटपट्टीनं मोजायचं का? आपल्याकडे यासाठी एक सुंदर शब्द आहे : ग्रेस मार्क. पुण्याच्या पोरांना पाच ग्रेस मार्क द्यायला काय हरकत होती?

मी बराच विचार केला. माझं मत सांगतो, तुम्हाला पटलं नाही तर कळवा. ग्रेस मार्क नापासाला पास करण्यासाठी असतात. राजी नापास नव्हतीच. २०२० च्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पहिल्या पदार्पणाच्या गेमसाठी जगभरातून जी पाच नामांकनं निघाली, त्यांत ती होती. बक्षीस इथल्या ब्रिटनच्याच 'फास्मोफोबिया'ला मिळालं, पण त्या पाचांत बसायला पुण्याला कुणी राखीव जागा दिली नव्हती. अशा मुलीला ग्रेस मार्क देणं म्हणजे तिचा पेपर नीट न वाचणं. मी या देशात शिकवायला लागलो तेव्हा काही सहकारी माझ्या व्याख्यानाला 'तुमच्या मानानं छान' असं म्हणत. ते कौतुक मला सगळ्यात जास्त बोचायचं. आपल्या माणसाच्या कामाला आपण तसं कौतुक का द्यावं? सहा द्यावेत, पण का सहा ते पाच वाक्यांत सांगावं. म्हणजे पुढचा गेम करताना त्यांना उपयोग होईल. आणि आठ देणाऱ्या पोलिश मुलाचं म्हणणंही तितक्याच आदरानं छापावं, कारण त्यानं जे पाहिलं ते आपल्या डोळ्यांना सवयीमुळे दिसलंच नाही.

मग आकडा काढूनच टाकावा का? तसाही प्रयोग झाला आहे. ब्रायटनच्या युरोगेमर साइटनं फेब्रुवारी २०१५ मध्ये दहापैकी मार्क देणं बंद केलं. 'खेळायलाच हवा', 'शिफारस', 'टाळा' असे शिक्के तेवढे ठेवले. २०२३ मध्ये पुन्हा पाचपैकी तारे आले. मला नवल वाटलं नाही. मी विद्यार्थ्यांना अर्ध पान शेरा लिहून द्यायचो, तेव्हाही पहिली नजर खालच्या आकड्यावरच जायची. आकडा माणसाला हवा असतो. पन्नास पौंडांचा गेम घेणाऱ्या मुलाला पाच पानं वाचायला वेळ नसतो, आणि त्याच्या आईला तर नसतोच.

मला स्टीम या दुकानाची एक रीत मात्र आवडली, नातवानं दाखवली. तिथे प्रेक्षकाच्या मताशेजारी तो तो गेम किती तास खेळला आहे ते छापलेलं असतं.  'दोनशे तास खेळलो, आवडला नाही' असं लिहिणारे महाभागही आहेत, पण निदान त्यांनी पेपर वाचलेला आहे हे कळतं.

तर मंडळी, या सगळ्या खटाटोपातून माझ्या हाती काय लागलं? समीक्षकांचे मार्क न्याय्य असतात का, या प्रश्नाला मी हो किंवा नाही म्हणणार नाही. आकडा देणाऱ्यानं शेजारी नाव आणि कारण लिहिलं असेल तर तो न्यायाच्या जवळ असतो. त्या आकड्याला दुसऱ्याच्या बोनसला बांधलं, गुप्त वजनं लावून त्याची सरासरी काढली, की तो लांब जायला लागतो. आणि उरलेलं अंतर आपण वाचणारे वाढवतो, कारण न वाचताच ओरडतो.

हे काही फक्त गेमचं नाही. या दिवाळीत मंडळाची रांगोळी स्पर्धा आहे, फराळाची स्पर्धा आहे, मुलांचं वक्तृत्व आहे. परीक्षकांत माझंही नाव कुणीतरी घातलं आहे. मी कार्यकारिणीला एक विनंती केली आहे : गुणांच्या तक्त्यात आकड्याच्या चौकटीशेजारी दोन ओळींची जागा ठेवा आणि तो कागद स्पर्धकाला घरी न्यायला द्या. ज्या बाईनं तीन तास उकिडवं बसून रांगोळी काढली, तिला सात का मिळाले हे कळण्याचा हक्क आहे. 'ठीक काम' असं त्या जागेत कुणीही लिहू नये. मीही लिहिणार नाही.

नातवानं ते जुनं शून्य अजून काढलेलं नाही. मी दोनदा विचारलं. म्हणाला, "आधी खेळतो, मग ठरवतो." कदाचित खेळून पुन्हा शून्यच देईल. माझी हरकत नाही, पाच वाक्यं लिहिली म्हणजे झालं. मीही एक काम हातात घेतलं आहे. तो प्रबंध ग्रंथालयात आहे का, याची चौकशी करतो आहे. मिळाला तर पुन्हा वाचणार आहे, पेन हातात न घेता. आणि मग एक पत्र लिहायचं आहे. तीस वर्षं उशीर झाला आहे, पण पत्ता सापडला तर पाठवीन.

तुम्हा सर्वांना दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा. या लेखाला तुम्ही किती मार्क देता ते जरूर कळवा. पण नुसता आकडा मी स्वीकारणार नाही.